घोडीच्या छातीचं माप

घोडीचं वजन किती, हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच पडला, आणि तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

त्या वर्षांत आम्ही घाटंजीला होतो. नवरा सरकारी कचेरीत, बदली झाली तसे आलो. मी यवतमाळची. माहेरी आणि सासरी सगळी टेबलाशी बसणारी माणसं, जनावराशी माझा संबंध दुधाच्या पिशवीपुरता. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं भाड्याचं घर मिळालं होतं. पुढच्या खोलीत मी बायकांचा शिवणक्लास चालवायची. मागची खिडकी उघडली की नाला, आणि नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा.

कापसाची ती वाईट वर्षं होती. अळी मरेना म्हणून फवारणी वाढत गेली. एका औषधाने भागेना म्हणून दुकानदार सांगेल ती दोन-तीन औषधं लोक एकाच पंपात मिसळायचे. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली असायची, फवारणारा माणूस त्यात दिसायचा नाही, नुसता पंपाचा आवाज पुढे सरकताना ऐकू यायचा. भाद्रपदात माझ्या मागच्या खिडकीतून तो वास घरात यायचा आणि मी ती बंद ठेवायची. सरकारी दवाखान्यात फवारणीचे पेशंट भरती होत होते. विष चढलेला माणूस कसा दिसतो, हे आमच्याकडच्या बायकांना त्या दिवसांत तोंडपाठ झालं होतं: लाळ, घाम, थरथर, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.

तांड्यावरची एक सून माझ्याकडे ब्लाउज शिकायला यायची. घरात ती, तिचा नवरा आणि सासू. शेत कोरडवाहू होतं, पण त्यांचं घर चालायचं ते एका पांढऱ्या घोडीवर. आजूबाजूच्या गावांत नवरदेव त्याच घोडीवर बसायचे. बँडवर ती पाय उचलायची, फटाक्यांना बुजायची नाही. तुळशीचं लग्न लागलं की तिला उसंत नसे. पावसाळाभर ती दारात उभी राहून खायची, आणि तिचा चारा आणायचं काम सुनेकडे होतं.

त्या दिवशी जेवणवेळेच्या आधी सून धावत आली. पायात चप्पल नव्हती. क्लासमधल्या बायका मशीन थांबवून बघायला लागल्या.

"बाई, चला ना वो. घोडी कशीच करून राह्यली."

"कशीच म्हणजे?"

"लाळ गळून राह्यली. सारं अंग थरथरते. पाय फाकवून उभी हाय."

"खाल्लं काय तिने?"

ती परत जायला वळली.

"अगं, खाल्लं काय?"

"गवत. काल धुऱ्यावरचं आणलं होतं. शेजारच्यानं फवारलं होतं म्हणे. मले नाही सांगतलं कोणी."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तिथलं गवत हिरवंगार असतं, कारण पिकाला टाकलेलं सगळं त्यालाही मिळतं. औषधसुद्धा.

मी बायकांना घरी जायला सांगितलं, मोबाइल उचलला आणि तिच्याबरोबर निघाले. नाला ओलांडता ओलांडता जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या ड्रेसरने, डॉक्टरांच्या हाताखालच्या मदतनिसाने, उचलला. डॉक्टर मॅडम मारेगावच्या बाजूला लसीकरणाला गेल्या होत्या, संध्याकाळशिवाय परतणार नव्हत्या. मी त्याला म्हटलं, "तांड्यावरच्या घोडीला फवारणीचं विष चढलंय. त्यावरचं इंजेक्शन असेल तेवढं घेऊन या, आणि मॅडमचा नंबर द्या." त्याने नंबर दिला आणि वर म्हणाला, "तुमी कोण, घोडीच्या पाव्हण्या का?" मी फोन ठेवला.

अंगणात घोडी उभी होती. उभी म्हणजे चारी पाय लांब लांब ठेवून, मान खाली. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. अंग घामाने काळपट दिसत होतं, खांद्यावरचं आणि मांडीवरचं मांस आतून कोणी बोटं फिरवावीत तसं हलत होतं. श्वास घेताना छातीत पाणी असल्यासारखा आवाज. मागे पातळ लीद सांडलेली.

सुनेच्या नवऱ्याने एका हाताने तिचं तोंड वर धरलं होतं. दुसऱ्या हातात बांबूची नळी, शेजारी ताकाचा तांब्या. सासू ओट्यावर बसून सुनेला बोलत होती. मी आलेली पाहूनही तिने तोंड बंद केलं नाही.

"सांगतलं होतं, पऱ्हाटीजवळचं गवत आणू नोको. पण ऐकते कोण? कानात सरकी भरली हाय हिच्या."

"याडी, आता गप बस ना," मुलगा आईला म्हणाला. मग मला, "ताई, ताक पाजतो. विष उतरन."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी मॅडमना फोन लावला. त्या अंगणात ओट्याच्या एका टोकालाच नेटवर्क मिळायचं, तिथे सासूच्या शेजारी उभी राहून मी जे दिसत होतं ते सांगितलं. मॅडम तरुण होत्या, कोल्हापूरकडच्या, बोलणं तडक.

"तोंडाने काही पाजताय का?"

"ताक पाजताहेत."

"थांबवा. आत्ता. तिला गिळता येत नाहीये, फुप्फुसात जाईल."

मी ओरडले. त्याने नळी काढली, पण चेहरा असा केला की जणू मी घोडीच्या तोंडचा घास काढला. सासू म्हणाली, "आमच्या बापजाद्यानं ताकच पाजलं. आता फोनवरून दवा देतेत."

तेवढ्यात ड्रेसर लुनावरून आला. पन्नाशीचा माणूस, तोंडात खर्रा, हातात पत्र्याची पेटी. त्याने घोडीची खालची पापणी ओढून बाहुली पाहिली, खर्रा थुंकला, आणि त्यानंतर बराच वेळ थट्टा केली नाही. फोन घेऊन मॅडमशी बोलला. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं आणि मॅडम एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की त्यांचंही.

"वजन किती असेल?"

"असन तीन-चार क्विंटल."

"तीन की चार? काका, मधे शंभर किलो आहेत."

"आता मॅडम, घोडी हाय थे. अंदाजच सांगन ना मी."

"अंदाजाने नाही द्यायचं. कमी पडलं तर विष उतरणार नाही. जास्त झालं तर हिचं आतडं थांबेल. बैल सोसतो, घोडं नाही सोसत. पोट थांबलं की घोडी गेली समजा. आणि मी तिथे नाही."

एवढं ऐकल्यावर अंगणात जो तो वजन सांगायला लागला. घोडीचा मालक, म्हणजे सुनेचा नवरा, कापसाचं बोजं नुसतं हलवून वजन सांगायचा, आणि ते काट्यावर फार चुकायचं नाही, अशी त्याची ख्याती होती. तो म्हणाला, "साडेतीनच्या वर हाय. पक्कं." कुंपणाबाहेर थांबलेल्या एकाने चार सांगितले. सासू म्हणाली, "पाच. माया हातचं खाऊन वाढली थे."

"जिनिंगचा काटा हाय ना, गाड्या मोजाचा," कुंपणाबाहेरचा म्हणाला.

"जिनिंग दिवाळीपर्यंत बंद हाय बाप्पा. आन् थे जाईन का तिथवर? पाय तर पाहा तिचे."

मी पाय पाहिले. पुढचा डावा गुडघ्यात सारखा मोडत होता आणि ती तो परत सरळ करत होती.

ड्रेसरने फोन माझ्या हातात दिला आणि कुप्या काढायला बसला. मॅडमनी विचारलं, "तिथे टेप आहे का कुणाकडे? शिंप्याचा?"

मी गळ्याला हात लावला. क्लासमधून निघताना टेप काढायची राहिली होती. "आहे. माझ्याकडेच आहे. मी शिवते."

"मग बरं झालं. नीट ऐका. दोन मापं. एक छातीचा घेर, पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागून, पाठीवर खांद्याच्या उंचवट्यामागून. दुसरं लांबी, खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत, सरळ रेषेत. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, आणि अकरा हजार आठशे ऐंशीने भागा. किलो येतील. मी पण इकडे करते."

मी तो आकडा मोठ्याने परत म्हटला. माझी टेप दीडशे सेंटीमीटरची, आणि घोडी त्यात मावणार नाही हे दिसतच होतं. मी सुनेकडे सुतळी मागितली. नाडी नको म्हटलं, नाडी ताणली जाते. तिने पोत्याची सुतळी आणली.

घोडी सपाट जमिनीवर हवी होती. अंगण नाल्याकडे उतरतं होतं. नवऱ्याने तिला दोन पावलं वर ओढली, ती आली, पण आल्यावर सगळी एका बाजूला कलली आणि आम्ही तिघं तिच्या अंगाला टेकून तिला सरळ धरून राहिलो. तिच्या अंगाची आग माझ्या पदरातून कळत होती. मग सुनेने खाली वाकून पोटाखालून सुतळीचं टोक माझ्याकडे दिलं. घोडी तिच्यावर पडली असती तर ती तिथेच संपली असती. मी सुतळी पाठीवरून घेतली, दोन बोटं आत सरकवली, जुळली त्या जागी गाठ मारली आणि काढून घेतली. लांबीला एक टोक नवऱ्याने धरलं, दुसरं मी, मागच्या पायांपासून बाजूला उभी राहून.

सुतळी ओट्यावर सरळ ठेवून टेपने मोजली. घेर एकशे पंचाहत्तर, लांबी एकशे चाळीस. माझ्या पदरात शिवणाचा खडू होता. ओट्याच्या शहाबादी फरशीवर गुणाकार केला, परत तपासला. मॅडमना फोनवर मापं सांगितली, त्यांनीही तिकडे केला. दोघींचा आकडा एकच आला: तीनशे साठ, थोडं वर.

"पाहा," मालक म्हणाला. "साडेतीनच्या वर म्हणलं होतं ना मी."

सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. टेपने, गणिताने आणि कापूसवाल्या हाताने एकच उत्तर दिलं होतं. मॅडमनी त्या वजनाला किती औषध लागेल ते ड्रेसरला सांगितलं. पाव भाग शिरेत, हळूहळू, उरलेलं कातडीखाली. कुप्या लहान होत्या, त्या बऱ्याच लागणार होत्या. तो एकेक मान मोडून मोठ्या सिरिंजमध्ये ओढायला लागला.

सून रिकाम्या पोत्याने घोडीचा घाम पुसत होती. खांद्यापासून मागे, खाली. पोतं फिरलं तसे ओले केस बसत गेले आणि पुढच्या पायाच्या अगदी मागे, कोपराला चिकटून, केस गेलेली एक पट्टी दिसली. दोन बोटं रुंद, पाठीकडे चढत गेलेली.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"तंगाचा घट्टा," नवरा म्हणाला. "खोगीर आवळतो ना, त्याचा पट्टा. लगनात दिवसभर आवळलेला राह्यते."

मी ज्या जागी सुतळी गुंडाळली होती ती जागा त्या पट्टीच्या चांगली वीतभर मागे होती. तिथे बरगड्या फुगलेल्या होत्या, पोट सुरू होत होतं. बाईच्या छातीचं माप शिंपीण कुठे घेते? जिथे सगळ्यात भरलेली असते तिथे. टेपखाली दोन बोटं ठेवते, श्वास घेता यावा म्हणून. हे मी इतकी वर्षं केलं होतं की मॅडमनी 'छातीचा घेर' म्हटल्यावर पुढचं कोपर-बिपर माझ्या कानात गेलं, हातात गेलं नाही. गणित बरोबर होतं. माप ब्लाउजचं होतं.

"थांबा," मी ड्रेसरला म्हटलं. "भरू नका. माप चुकलं."

त्याने मान वर केली नाही. "मॅडमनं आकडा देला ना?"

"मी दिलेल्या मापावरून दिला. मी चुकीच्या जागी सुतळी धरली. परत घ्यायचं."

"मास्तरीणबाई, हे काय झंपर हाय का, उसवून परत शिवाले? थे पाहा, खाली चालली."

खरंच चालली होती. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यांत वाकले, नवरा लगाम वर खेचत ओरडला. "ताई, द्या ना आता! थोडं जास्त गेलं तर गेलं! मरूनच राह्यली ना तशी बी!"

"जास्त गेलं तर तुमच्याच हाताने मरेल," मी म्हटलं. "धरा तिला. दोन मिनिटं धरा."

"दोन मिनिटं कोणाजवळ हाय?"

त्याला उत्तर द्यायला सून थांबली नाही. ती परत पोटाखाली वाकली होती. ह्या वेळी तिच्या डोक्याच्या वर घोडीचं पोट सरळ खाली येत होतं, कारण घोडी अर्धी बसत होती. "बाई, घ्या टोक. लवकर घ्या."

मी सुतळी त्या घट्ट्यावरून फिरवली. बोटं बाहेर ठेवली. सुतळी केसांत बसेल एवढी आवळली, श्वास सोडल्यावर गाठ मारली. सून बाहेर निघाली आणि तिच्या मागोमाग घोडी एका बाजूला वजन टाकून परत उठली. कशी उठली देव जाणे. नवरा तिच्या मानेला मिठी मारून उभा होता आणि तिची लाळ त्याच्या पाठीवरून वाहत होती.

घेर एकशे बावन्न.

मी फरशीवर आधीचा हिशेब पुसायला थांबले नाही, त्याच्या बाजूलाच केला. दोनशे बहात्तर. दोन आकड्यांत जवळजवळ नव्वद किलोचा फरक होता, माझ्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. आतड्याला थांबवायला ते पुरेसं होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांचा फोन लागत नव्हता.

मी पहिल्यांदा लावला, लागला नाही. दुसऱ्यांदा नुसता आवाज आला. ड्रेसर भरलेली सिरिंज हातात धरून माझ्याकडे बघत होता. तो काही मुद्दाम अडून बसलेला नव्हता. त्याच्या समोर जनावर मरत होतं आणि एक शिवणवाली बाई त्याला थांबवत होती. सासू ओट्यावरून उतरली, माझ्या हातातला फोन घेतला, आणि बसायचा लाकडी मोडा ओढून त्याच्यावर चढून हात वर केला. "आता लाव," म्हणाली, आणि फोन परत दिला. मी मोड्यावर चढले. लागला.

"मॅडम, घेर एकशे बावन्न. आधीचा चुकला होता."

"आधी कुठे धरला होता?"

"भरलेल्या जागी. बरगड्यांवर."

"ब्लाउजचं माप घेतलंत." त्यांनी आकडे केले असावेत, तोंडातल्या तोंडात गुणाकार ऐकू आला. "दोनशे बहात्तर?"

"हो."

"हे पटतंय. लग्नाची घोडी एवढीच असते. काकांना द्या."

ड्रेसरने ऐकलं, मान हलवली, आणि सिरिंज उभी धरून जास्तीचं औषध मातीत सोडलं. मातीत ते लगेच जिरलं.

त्या माणसाच्या हाताबद्दल मी वाईट बोलणार नाही. थरथरणाऱ्या मानेवर त्याने अंगठा दाबला, शीर फुगवली आणि पहिल्याच खेपेला सुई आत गेली. दट्ट्या इतका हळू सरकत होता की मला वाटलं तो अडकला. उरलेलं कातडीखाली दिलं, दोन जागी. मग तो उकिडवा बसला आणि आम्ही सगळे घोडीच्या तोंडाकडे बघत राहिलो.

आधी लाळेची तार तुटली. ती परत जमिनीला लागली नाही. मग छातीतला पाण्याचा आवाज कमी होत होत थांबला आणि कोरडा श्वास ऐकू यायला लागला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे सुनेने तिच्या हिरडीवर बोट फिरवलं.

"कोरडं होऊन राह्यलं, बाई."

पण थरथर थांबली नव्हती. खांद्याचं मांस तसंच उडत होतं. नवऱ्याने ड्रेसरकडे पाहिलं, ड्रेसरने पेटीकडे. पेटीत कुप्या उरल्या होत्या.

"अजून थोडं द्याव का?" ड्रेसर म्हणाला. ह्या वेळी तो मला विचारत होता.

मी परत मोड्यावर चढले.

"थरथर ह्या औषधाने थांबत नाही," मॅडम म्हणाल्या. "लाळ बघा, श्वास बघा. ते ठीक असेल तर एक थेंब देऊ नका. थरथरीचं दुसरं औषध मी घेऊन येते. आणि आता कुशीला कान लावा. पोटात आवाज येतोय का सांगा."

मी कुशीला कान लावला. बरगड्या संपतात तिथे, आधी डावीकडे, मग उजवीकडे. घाम, माझ्याच कानातलं रक्त, आणि आत काही नाही. सुनेने लावला. ती बराच वेळ लावून बसली.

"काहीच नाही, बाई."

मी मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोट मंद होणारच होतं, हे औषधच तसं आहे. किती मंद होतं ते बघायचं. आधीच्या मापाने दिलं असतं तर मी आत्ता निघाले नसते, कारण येऊन उपयोग नव्हता. तिला लोळू देऊ नका. खायला काही नाही. उभी ठेवा, जमलं तर चालवा. मी निघते."

दुपारभर आम्ही तिला चालवलं. चालवलं म्हणजे अंगणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, चार पावलं आणि थांबा, चार पावलं आणि थांबा. दोनदा तिने मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. तिचं असं पाहणं ड्रेसरला आवडलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पोट दुखायला लागलेलं घोडं असं बघतं, हे त्याने मला नंतर सांगितलं, तेव्हा नाही. दर फेरीनंतर सून कान लावायची आणि मान नाही म्हणून हलवायची.

सासू आता तिला बोलत नव्हती. हे जास्त वाईट होतं. घोडी मेली तर ह्या घरात पुढची वर्षं कशी जातील, ते त्या दोघींनाही माहीत होतं आणि मलाही. एका भाऱ्याची किंमत सुनेला रोज जेवताना मोजून दिली गेली असती. तिच्या हाताला बारीक थरथर सुरू झालेली मी पाहिली आणि माझ्या मनात आलं ते हे, की गवताला तीही हात लावते, तिनेही काल तेच गवत उचललं आहे. मी तिला हातपंपावर नेऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले, बाहुल्या पाहिल्या. बाहुल्या ठीक होत्या. थरथर भीतीची होती.

"थे मेली तर मी माहेरी जाईन, बाई," ती पंपाजवळ म्हणाली. "सांगून ठेवते."

"मेली नाही अजून. ये, फेरी मारू."

उन्हं कलायला लागली तेव्हा ड्रेसरने स्वतः कान लावला. त्याने दोन्ही डोळे मिटले होते. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो, घोडीकडे नाही.

"गुरगुरते," तो म्हणाला. "लहान हाय. पण गुरगुरते."

सुनेने त्याला बाजूला सारून कान लावला. मग मी. खोल विहिरीत कोणी दगड हलवावा तसा एक आवाज आला, थांबला, आणि पुन्हा आला.

मॅडम दिवेलागणीला जीपने पोचल्या. पाहुणचाराच्या भानगडीत पडल्या नाहीत. स्टेथोस्कोप कानाला लावून दोन्ही कुशी ऐकल्या, दुसरं औषध शिरेत दिलं, हिरडी दाबून पाहिली. फरशीवरचे माझे दोन हिशेब वाचले. त्या हात धूत होत्या तेवढ्यात घोडीने शेपूट उचललं आणि लीद टाकली. घट्ट, गोळ्यांची, आणि थोडी. मालक खाली बसला, दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून. ज्या माणसाने दुपारी 'थोडं जास्त गेलं तर गेलं' म्हटलं होतं तो त्या लिदीकडे इतका वेळ बघत होता की मॅडमना हसू आलं.

"आता पाणी द्या," त्या म्हणाल्या. "कोमट, अर्धीच बादली. घोट घेते का बघू."

सून बादली घेऊन आली. घोडीने आधी नाक बुडवलं, फुंकर मारली, पाणी उडालं. मग ओठ लावले आणि घशातून एक घोट खाली गेला. तो उतरताना मानेवर दिसला. दुसरा गेला. सुनेच्या डोळ्यांतून एकदम पाणी सुरू झालं. बादली डुचमळली.

सासू तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"रडतं कायले?" ती म्हणाली. "बादली सरळ धर. पिऊन राह्यली ना थे."